बुकिंगचे पैसे परत मिळावेत का?



आज आपण गाडीच्या बुकिंगबद्दल बोलणार आहोत. पूर्वी गटाचं कर्ज म्हटलं की शेळी, शिलाई मशीन, फार तर पिठाची गिरणी. आता काही गट दूध डेअरीला पोचवण्यासाठी, भाजी बाजारात नेण्यासाठी पिकअप घ्यायला निघाले आहेत. कुणाचा मुलगा ‘छोटा हत्ती’ घ्यायचा म्हणतो, कुणाची सून स्वतः चारचाकी चालवायला शिकली आहे. गाडी घ्यायची म्हणजे शोरूममध्ये जायचं, मॉडेल आणि रंग ठरवायचा आणि बुकिंगची रक्कम भरायची. गाडी तयार नसेल, आपल्या सांगण्याप्रमाणे मागवायची असेल, तर दोन-तीन महिने थांबायचं.

या दोन-तीन महिन्यांत घरात काहीही होतं. बँक कर्ज नाकारते. कुणी आजारी पडतं. पाऊस दगा देतो. मग बुकिंग रद्द करायला गेलं की काउंटरवरचा मुलगा पावतीच्या तळाची बारीक अक्षरातली ओळ दाखवतो : ‘बुकिंगची रक्कम परत मिळणार नाही.’ बैठकीत बाया मला विचारतात, “ताई, गाडी घेतलीच नाही, तर पैसे कशाचे कापले?” प्रश्न रास्त आहे. पण शोरूमवालाही म्हणतो, “तुमच्या सांगण्यावरून मी गाडी मागवली, आता ती कुणाच्या गळ्यात घालू?” हाही प्रश्न अगदीच खोटा नाही.

माझं मत आधीच सांगते. सगळी रक्कम गिळणं चूक, आणि कोणत्याही टप्प्यावर सगळी रक्कम परत मागणंही चूक. आपल्या रद्द करण्यामुळे विकणाऱ्याचं जेवढं खरं नुकसान झालं, तेवढं त्याने कापावं आणि बाकीचे परत द्यावेत. आणि काय कापणार, हे त्याने पैसे घेण्याआधी सांगावं, नंतर नाही. आता हे का, ते सविस्तर पाहू.

इसार वेगळा, आगाऊ रक्कम वेगळी

आपल्याला इसार माहीत आहे. जमिनीचा व्यवहार ठरला की इसार देतात, इसारपावती करतात. इसार म्हणजे शब्दाची हमी. घेणारा फिरला तर इसार गेला, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. विकणारा फिरला तर त्याने दुप्पट द्यायचे, असं पावतीत लिहून घेणारेही असतात. म्हणजे इसार दोघांना बांधतो.

आगाऊ रक्कम म्हणजे किमतीतलाच थोडा भाग आधी दिला. शिंप्याला ब्लाउजचे निम्मे पैसे आधी दिले, ही आगाऊ रक्कम. तिसरं म्हणजे डिपॉझिट, अनामत. गॅस सिलिंडरचं डिपॉझिट असतं, काम नीट पार पडेपर्यंत ते समोरच्याकडे राहतं.

शोरूमची पावती फाडताना यातला कोणता शब्द लिहिला आहे, ते पाहा. काही ठिकाणी ‘बुकिंग’ लिहितात, काही ठिकाणी ‘ॲडव्हान्स’, काही ठिकाणी ‘टोकन’. नुसत्या शब्दाने सगळं ठरत नाही, पण भांडण झालं तर पहिला वाद इथूनच सुरू होतो. कारण इसाराला कायदा एक नियम लावतो आणि आगाऊ रकमेला दुसरा. ते पुढे सांगते.

‘आपली ऑर्डर’ म्हणजे नेमकं काय?

‘तुमच्या ऑर्डरप्रमाणे मागवलेली गाडी आहे, म्हणून पैसे परत नाहीत,’ असं सांगतात. तेव्हा ऑर्डर कोणत्या प्रकारची होती, ते आधी बघायचं. तीन प्रकार असतात.

पहिला प्रकार, शोरूमच्या आवारात उभी असलेली गाडी. ती आपण बघितली आणि ‘ही ठेवा’ म्हटलं. ती आपल्यासाठी बनवलेली नाही. आपण नाही घेतली, तर उद्या दुसरं गिऱ्हाईक घेईल.

दुसरा प्रकार, कंपनीच्या यादीतून निवडलेली गाडी. डिझेल की सीएनजी, पांढरी की लाल, साधं मॉडेल की वरचं. ती मागवावी लागते, म्हणून आपल्याला वाटतं की ती खास आपली. पण तशाच शेकडो गाड्या कारखान्यातून निघत असतात. मागणी असलेलं मॉडेल असेल तर आपल्यामागे थांबलेल्यांची यादी असते. आपण नाव काढलं की ती गाडी पुढच्याला जाते. फक्त कुणी सहसा न घेणारा रंग किंवा मॉडेल असेल, तर ती पडून राहू शकते.

तिसरा प्रकार मात्र खरोखर आपल्या मापाचा. पिकअपच्या मागे दुधाच्या कॅनसाठी कप्पे करून घेतले, मासे किंवा पनीर नेण्यासाठी गारवा टिकवणारी पेटी बसवून घेतली, पायाने अधू असलेल्या माणसासाठी हाताने चालवायचे ब्रेक-क्लच बसवले. हे काम एकदा झालं की ती गाडी दुसऱ्याला तशीच विकता येत नाही.

इंग्लंड-युरोपातही हाच फरक मानतात. तिथे घरबसल्या मागवलेली वस्तू साधारणपणे १४ दिवसांत परत करायचा हक्क ग्राहकाला आहे. पण ग्राहकाने सांगितलेल्या मापाने खास बनवलेली वस्तू त्यातून वगळली आहे. म्हणजे ‘खास ऑर्डर’ हे कारण खोटं नाही. पण ते तिसऱ्या प्रकाराला लागू पडतं. पहिल्या प्रकारच्या गाडीला ते कारण सांगत असतील, तर ते ऐकून घ्यायचं नाही.

विकणाऱ्याचं नुकसान कुठे होतं?

विकणाऱ्याची बाजूही समजून घेऊ. शोरूमवाला कंपनीकडून गाडी आणतो तेव्हा बहुतेक वेळा बँकेचे पैसे वापरतो. गाडी जितके दिवस आवारात उभी, तितके दिवस त्याला व्याज. गाडी आल्यावर आपल्या नावाने विमा काढला, कर भरला, तर तो खर्च झाला. आणि एकदा आपल्या नावाने पासिंग झालं, की ती गाडी कागदोपत्री दुसऱ्या हाताची झाली. मग ती नव्या गाडीच्या भावाने कुणी घेत नाही. म्हणून पासिंगनंतर ‘नको’ म्हणणं फार महाग पडतं, हे ध्यानात ठेवा.

त्याची आणखी एक तक्रार असते. सगळ्यांना सगळे पैसे परत दिले, तर लोक चार शोरूममध्ये नाव लावतील आणि तिघांना ऐन वेळी नकार देतील. हे खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणून हजार-दोन हजारांचं टोकन पुरतं. तेवढे जातील म्हटलं तर उगाच कुणी नाव लावणार नाही. त्यासाठी पंचवीस-पन्नास हजार अडकवून ठेवायची गरज नाही.

आणि काही खर्च असे आहेत की ते त्याच्या धंद्याचेच खर्च. विक्रीच्या मुलाचा पगार, दिलेला चहा, छापलेला फॉर्म. ते आपल्याकडून कापायचे नसतात. आपण भाजीची पाटी घेऊन बाजारात बसलो आणि गिऱ्हाईक भाव विचारून निघून गेलं, तर आपण त्याच्याकडून बसण्याचे पैसे घेतो का?

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात कराराचा कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम ७३ मध्ये सांगितलं आहे की एकाने करार मोडला तर दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते. पण त्याच कलमात असंही आहे की भरपाई मोजताना, ते नुकसान कमी करायचा मार्ग हाताशी होता का, तेही बघायचं. म्हणजे शोरूमवाल्याला ती गाडी दुसऱ्याला विकता येत होती का, हे विचारायचं.

कलम ७४ त्याच्या पुढचं. करारात आधीच एखादी रक्कम लिहिली असली, की ‘मोडलं तर इतके द्यावे लागतील,’ तरी ती सगळी रक्कम आपोआप मिळत नाही. वाजवी तेवढीच मिळते, आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नसते.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ सालचा एक निकाल आहे. तो आपल्या ओळखीच्या मालाचा आहे, म्हणून सांगते. मौला बक्ष नावाच्या ठेकेदाराने १९४७ साली लष्कराला बटाटे पुरवायचा ठेका घेतला आणि १०,००० रुपये अनामत ठेवली. दुसरा ठेका कोंबड्या, अंडी आणि मासळीचा, त्याची अनामत ८,५०० रुपये. माल वेळेवर पोचला नाही. सरकारने ठेके रद्द केले आणि दोन्ही अनामती जप्त केल्या. न्यायालयाने विचारलं, सरकारचं नुकसान किती झालं? बटाटे आणि अंड्यांचा बाजारभाव सगळ्यांना माहीत असतो. दुसरीकडून घेताना किती जास्त द्यावे लागले, ते दाखवता आलं असतं. सरकारने ते दाखवलं नाही, म्हणून रक्कम परत द्यावी लागली. चूक ठेकेदाराची होती, तरीसुद्धा.

पण त्याच वर्षी दुसरा निकाल लागला, तो विकणाऱ्याच्या बाजूने. हनुमान कॉटन मिल्सने टाटा एअरक्राफ्टकडून विमानांचं भंगार १० लाखांना घ्यायचं ठरवलं आणि अडीच लाख आधी भरले. मग उरलेले पैसे भरायला नकार दिला. अडीच लाख जप्त झाले आणि न्यायालयाने ते योग्य ठरवलं. का? कारण ती रक्कम इसार होती, आणि घेणारा फिरला तर ती जाईल हे अटींत स्पष्ट होतं. म्हणून म्हणते, पावतीवर काय लिहिलं आहे त्याला किंमत आहे. वाजवी इसार असेल आणि आपण फिरलो, तर तो जाऊ शकतो.

तिसरा निकाल २०१५ सालचा, दिल्लीतल्या एका भूखंडाचा. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या लिलावात कैलाश नाथ असोसिएट्स या संस्थेने ३.१२ कोटींची बोली लावली आणि ७८ लाख भरले. पुढे व्यवहार रखडला आणि प्राधिकरणाने ७८ लाख जप्त केले. मग तोच भूखंड पुन्हा लिलावात ११.७८ कोटींना विकला. सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं की घेणाऱ्याने करार मोडलेला नव्हता, आणि प्राधिकरणाचं नुकसान तर झालंच नव्हतं, उलट फायदा झाला होता. ७८ लाख परत करायला सांगितले. गाडीला हे लावून बघा. आपण सोडलेली गाडी आठवड्यात दुसऱ्याला त्याच किमतीला गेली असेल, तर नुकसान कुठलं?

आणखी एक कायदा आपल्या उपयोगाचा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘अनुचित करार’ कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे. ग्राहकाकडून उघडपणे जास्त अनामत घेणं, किंवा झालेल्या नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड लावणं, हे त्यात येतं. म्हणजे बारीक अक्षरात एक ओळ छापली आणि आपण सही केली, एवढ्याने सगळं संपत नाही.

एकदा हिशेब करून बघू

नुसत्या बोलण्यापेक्षा आकडे घेऊ. समजा पिकअपची किंमत ९ लाख आणि बुकिंगला भरले ५०,०००. शोरूमवाल्याला वर्षाला १० टक्के व्याज पडतं असं धरू. म्हणजे ९ लाखांवर महिन्याचं व्याज ७,५०० रुपये.

आठ दिवसांत रद्द केलं. कंपनीकडे ऑर्डर अजून गेलेलीच नाही. नुकसान शून्य. ५०,००० चे ५०,००० परत मिळायला हवेत. टोकन जाईल असं आधी ठरलं असेल, तर तेवढं वजा.

गाडी आली, पांढरी, नेहमी खपणारी. आपण नको म्हटलं. ती महिन्याभराने त्याच किमतीला दुसऱ्याने घेतली. नुकसान एका महिन्याचं व्याज, ७,५००. परत मिळायला हवेत ४२,५००.

गाडी आली, पण रंग कुणी सहसा न घेणारा. दोन महिने पडून राहिली आणि १५,००० सवलत देऊन विकली. व्याज १५,००० आणि सवलत १५,०००, मिळून ३०,०००. परत २०,०००.

चौथं. आपल्या सांगण्यावरून मागे कॅनचे कप्पे करून घेतले, काम ६०,००० रुपयांचं. ते काढून २५,००० चं सामान पुन्हा वापरता आलं, आणि पांढरी गाडी लगेच विकली गेली. नुकसान ३५,०००. परत १५,०००. सामान काहीच वापरता आलं नसतं, तर आपले सगळे ५०,००० गेले असते, आणि ते रास्त असतं.

म्हणजे गाडी एकच आणि भरलेली रक्कमही एकच, पण चार वेळी चार वेगळी उत्तरं. ‘परत मिळणार नाही’ ही एकच ओळ या चारही वेळांना लावणं म्हणूनच अन्यायाचं आहे. आणि विकणाऱ्याकडे काय मागायचं, तेही यातून कळतं. “किती खर्च झाला, तो कागदावर दाखवा.”

विकणारा फिरला तर?

आतापर्यंत आपण नको म्हणण्याचं बोललो. पण कधी कधी उशीर तिकडून होतो. ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत चार महिने जातात. लाल सांगितलेली गाडी राखाडी येते. किंवा मधेच किंमत वाढते आणि फॉर्मवर लिहिलेलं असतं की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील.

उशीर किंवा चुकीची गाडी असेल, तर त्यात आपला दोष नाही. तिथे कापाकापीचा प्रश्नच येत नाही. पूर्ण रक्कम परत मागायची, आणि इतके महिने वापरलेल्या पैशांवर व्याजही मागायचं. गटाचे पैसे असतील तर त्या पैशांवर आपणही व्याज भरत असतो. किंमत वाढली, तर वाढीव किमतीला गाडी घ्यायची की पूर्ण पैसे परत घ्यायचे, हे ठरवायची मुभा आपल्याला हवी. ती फॉर्मवर लिहून घ्यायची.

बुकिंगच्या आधी काय करायचं?

आता कामाच्या गोष्टी. गटाच्या वहीत उतरवून ठेवा.

कर्ज आधी, बुकिंग नंतर. बँकेला शोरूमचं कोटेशन लागतं, ते बुकिंग न करताही मागता येतं. कर्ज मंजूर झाल्याचं पत्र हातात आल्यावर मोठी रक्कम भरा. आधीच भरावी लागत असेल, तर फॉर्मवर लिहून घ्या : ‘कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत.’ बुकिंग रद्द होण्याचं हे कारण मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतं.

फॉर्मची कोरी प्रत आधी घरी आणा. शिकलेल्या मुलीकडून शेवटची ओळसुद्धा मोठ्याने वाचून घ्या. इंग्रजीत असेल तर अर्थ विचारा. सांगायला टाळाटाळ झाली, तर तिथे पैसे भरायची घाई करू नका.

फॉर्मवर पाच गोष्टी लिहिलेल्या हव्यात. गाडीचं मॉडेल आणि रंग. ठरलेली किंमत. डिलिव्हरीची तारीख. रद्द केल्यास कोणत्या टप्प्यावर किती कापणार. आणि उरलेले किती दिवसांत परत करणार. छापील फॉर्मवर जागा नसेल तर पेनाने लिहून शोरूमची सही-शिक्का घ्या.

मापाचं काम वेगळं ठेवा. गाडीचं बुकिंग एका पावतीवर आणि कप्पे, पेटी, सीट कव्हर यांचं काम दुसऱ्या पावतीवर. काम सुरू करण्याआधी आपल्याला फोन करून होकार घ्यावा, असं लिहा. मग एका कामासाठी सगळी रक्कम अडकत नाही.

पैसे फक्त शोरूमच्या खात्यावर. विक्रीच्या मुलाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर पाठवायचे नाहीत, तो कितीही ओळखीचा असला तरी. रोख दिले तर छापील पावती तिथल्या तिथे घ्या. मोबाइलवर आलेल्या लिंकवर बुकिंग करताना सावध राहा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर कळवा.

आणि गटाचे पैसे असतील तर आधी बैठकीत ठराव करा. किती रक्कम, कोणत्या शोरूममध्ये, कुणाच्या सहीने, आणि रद्द झालं तर किती तोटा सोसायची तयारी आहे. हे ठरावात असलं, की नंतर अध्यक्ष आणि सचिव यांच्यावर कुणी बोट दाखवत नाही.

पैसे अडकलेच तर?

पहिलं काम, लेखी अर्ज. तोंडी बोलण्यात महिने जातात. अर्जात बुकिंगची तारीख, रक्कम, रद्द करण्याचं कारण लिहा आणि कापणार असाल तर खर्चाचा हिशेब द्या असं मागा. पोच घ्या. परत मिळणारे पैसे बँक खात्यावरच घ्या.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदवली की ते कंपनीकडे पाठपुरावा करतात. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार तिथे चालते, आणि रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील नसला तरी चालतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. मात्र ‘करारातली अटच अनुचित आहे’ एवढाच मुद्दा असेल, तर तो राज्य आयोगाकडे जातो. तेव्हा माहितगार माणसाचा सल्ला घ्या.

इथे एक अडचण लक्षात ठेवा. धंद्यासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ नाही, असा आक्षेप समोरून येऊ शकतो. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल, तर कायदा त्या व्यक्तीला ग्राहक मानतो. म्हणून फॉर्मवर ‘स्वतःच्या उपजीविकेसाठी’ असं आधीच लिहून ठेवलेलं बरं. गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या नावाने गाडी घेणार असाल, तर हा मुद्दा आधीच विचारून घ्या.

आपण विकणाऱ्या असतो तेव्हा

शेवटी आपल्याच अंगणात बघू. आपले गटही ऑर्डर घेतात आणि आगाऊ रक्कम घेतात. दिवाळीचा फराळ, लग्नातल्या पापड-कुरडया, शाळेचे गणवेश. गिऱ्हाईक फिरलं तर आपण काय करतो? काही गट सगळी रक्कम ठेवून घेतात. काही गट भिडेपोटी सगळी परत देतात आणि तोटा सोसतात.

इथेही तोच हिशेब लावायचा. शंभर गणवेशांची ऑर्डर आहे आणि कापड अजून आणलेलंच नाही, तर पैसे परत द्या. कापड आणलं पण कापलं नाही, तर दुकानदार ते परत घेईल का ते बघा, आणि जाण्यायेण्याचा, परतीचा तोटा कापा. मापं घेऊन कापड बेतलं, शाळेचा बिल्ला शिवला, तर ते काम आपलं झालं. त्याचे पैसे हक्काने ठेवा. फराळातही तसंच. चकलीची भाजणी दुसऱ्या गिऱ्हाइकाला चालते. गिऱ्हाइकाच्या कंपनीचं नाव छापलेले खोके दुसऱ्याला चालत नाहीत.

आपल्या ऑर्डरच्या पावतीवर आजच हे छापून घ्या : किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत. चार ओळींत मावतं. गिऱ्हाइकाला आधी कळलं की नंतर वाद होत नाही, आणि शोरूममध्ये आपण जे मागतो ते आपणही पाळतो, असं ताठ मानेने सांगता येतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. कुणाच्याही घरी ट्रॅक्टर, मोटारसायकल, चारचाकी घेतलेली असेल, तिथली बुकिंगची जुनी पावती आणा आणि सगळ्यांसमोर मागची-पुढची बाजू वाचा. रद्द केल्यावर काय, हे त्यात कुठे लिहिलं आहे ते शोधा. मग गटाची स्वतःची ऑर्डर पावती बाजूला ठेवून बघा. दोन्हींत काय कमी आहे ते वहीत लिहा, आणि पुढच्या ऑर्डरपासून ते भरून काढा. काही अडलं तर तुमच्या सहयोगिनीला विचारा.